बर्फाची कांडी

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून एक डाग होता. डोळ्याखाली सुरू होऊन जबड्यापर्यंत उतरलेला, विड्याच्या पानाएवढा, कॉफीच्या रंगाचा. त्यावर बारीक लवही होती. मी पोटात असताना ग्रहणात आईचा विळीला हात लागला, म्हणून हा डाग आला, असं ती सांगायची. बाबांना ते पटायचं नाही. "ग्रहणाचा आणि गालाचा काय संबंध? कातडीत रंग जरा जास्त साठलाय, एवढंच," असं म्हणून ते विषय संपवायचे. मुंबईतल्या एका कचेरीत ते कारकून होते, पण शास्त्राची त्यांना मनापासून ओढ. घरातलं घड्याळ बिघडलं की स्वतः उघडून बसायचे आणि बिघडलेलं चक्र आम्हा दोघी बहिणींना बोलावून दाखवायचे.

लहानपणी त्या डागाचा मला फार जाच झाला असं नाही. आम्ही डोंबिवलीला राहायचो. तेव्हा गाव आटोपशीर होतं, सगळे सगळ्यांना ओळखत. शाळेत मुली चिडवायच्या, मग त्यांनाही सवय झाली. धाकटी बहीण तर लहान असताना माझ्या कुशीत झोपली की त्या डागावरची लव बोटानं कुरवाळत झोपायची. मी मॅट्रिक झाले आणि मग मात्र तो डाग वाढला. म्हणजे होता तेवढाच, पण माझ्याकडे बघताना घरात कुणाला दुसरं काही दिसेना.

मला पाहायला लोक येऊ लागले. आई माझा पाट अशा तऱ्हेनं मांडायची की खिडकीचा उजेड उजव्या गालावर पडावा. पण पाहायला आलेली माणसं काय, "जरा इकडे बघ गं मुली" म्हणायचीच. मग मी मान वळवायची. पोहे संपवून माणसं उठायची आणि पुढे त्यांचा निरोप यायचा नाही.

कल्याणचं एक वकिलांचं घर मात्र निरोप पाठवतं झालं. मुलगा शिकलेला, स्वभावानं शांत, घरचं सगळं उत्तम. आमचे एक लांबचे मामा मध्यस्थ होते. ते आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "मंडळींना मुलगी पसंत आहे." आई देवाकडे वळली. मामा ओशाळून म्हणाले, "अगं थांब. धाकटी. पाण्याचे पेले घेऊन आली होती ना, ती."

धाकटी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिनं ते ऐकलं. तिला आनंद झाला असणार, आणि त्यात वाईट काय? पण ती बाहेर आली नाही. मीच आत गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. "ताई, मी काही केलं नाही गं," एवढंच म्हणाली.

बाबा म्हणाले, "मोठीच्या आधी धाकटीचं नाही करायचं. लोक विचारतील, मोठीत काय खोट आहे?" पण असं स्थळ सोडवत नव्हतं. त्यांनी मामांकरवी वर्षभराची मुदत मागितली आणि कल्याणकरांनी ती दिली. मोठीचं उरकलं की लगेच धाकटीचं, असं ठरलं. त्या वर्षात माझं लग्न व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी डाग जायला हवा होता.

डॉक्टरांचा पत्ता बाबांना कचेरीतच कळला. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मानेवरचं मस ठाण्याच्या एका डॉक्टरांनी बर्फानं घालवलं होतं. कापाकापी नाही, टाका नाही. बाबा घरी आले ते उत्साहानं नुसते फुलले होते. "साधा बर्फ नव्हे," ते आईला सांगत होते, "वायूचा बर्फ. पाणी गोठतं त्याच्या कितीतरी खाली. तो टेकवला की वाईट कातडी मरते आणि खालून नवी येते."

"चेहऱ्यावर करायचं म्हणजे…" आई म्हणाली.

"अगं, विलायतेत राजरोस करतात."

ठाण्याला तलावपाळीपासून जवळच डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले. बोलणं मृदू, हात स्वच्छ. त्यांनी भिंगातून माझा गाल बराच वेळ पाहिला आणि बाबांना म्हणाले, "जाईल असं वचन देत नाही. फिका होईल. थोडं थोडं करू, खालच्या बाजूनं सुरुवात करू."

कोपऱ्यात एक लोखंडी नळकांडं होतं, सोडावॉटरच्या कारखान्यात असतं तसलं. त्यांच्या माणसानं ते आडवं केलं, तोंडाला चामड्याची पिशवी बांधली आणि किल्ली फिरवली. इतका मोठा फूत्कार झाला की मी दचकून बाबांचा हात धरला. पिशवी सोडली तेव्हा आत पांढराशुभ्र भुगा होता, आणि त्यातून धूर निघत होता. डॉक्टरांनी तो भुगा एका नळीत ठासून भरला आणि त्याची खडूसारखी कांडी बनवली. बाबा पुढे वाकून बघत होते. "ओला होत नाही बघ! वितळत नाही, नुसता उडून जातो," ते मला म्हणाले. त्या क्षणी ते किती सुखी होते, ते मला अजून आठवतं.

"हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले आणि ती कांडी माझ्या जबड्यावर दाबून धरली.

थंड लागलंच नाही. पहिल्यांदा काही नाही, मग एकदम कुणी तरी निखारा ठेवल्यासारखं. मी ओरडले तेव्हा कांडी उचललेली होती. डॉक्टरांनी आरसा दाखवला. जबड्यावर चवलीच्या नाण्याएवढा भाग पांढरा पडून घट्ट झाला होता. बोट लावलं तर दगडासारखा लागला, आणि माझं बोट मला कळलं नाही. माझ्याच अंगाचा एक तुकडा माझा राहिला नव्हता. थोड्या वेळानं तो मऊ झाला, लाल झाला आणि ठणकू लागला. रात्री तिथं पाण्यानं भरलेला फोड आला. आई त्याच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. बाबा म्हणायचे, "होणारच. डॉक्टर म्हणालेच होते."

खपली पडली तेव्हा खाली गुलाबी कातडी होती. कॉफीचा रंग गेला होता. लवही गेली होती. आईनं त्या दिवशी शिरा केला. धाकटीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेला आणि म्हणाली, "ताई, खरंच गं! खरंच गेलं!" मी आरशात बघत बसले. त्या एवढ्याशा तुकड्यावरून मला माझा सबंध चेहरा दिसत होता, जो मी कधी पाहिला नव्हता.

मग आम्हीच घाई केली. डॉक्टर म्हणत होते की मधे दिवस जाऊ द्या, पहिल्याचा रंग कसा भरतो ते बघू. बाबांनी त्यांना गळ घातली. धाकटीचं ठरलंय, मुदत आहे, मुलीचा जन्माचा प्रश्न आहे. डॉक्टर भिडस्त होते. त्यांनी ऐकलं. दर खेपेला कांडी वर वर सरकत गेली, जबड्यावरून गालावर, गालावरून डोळ्याखाली. डोळ्याजवळ त्यांनी कापसाची जाड घडी ठेवली होती, तरी डोळ्यातलं पाणी थिजतंय असं मला वाटलं. मी सोसलं. सोसलं असं आज म्हणते, पण तेव्हा मी आशेनं जायची. ठाण्याला जायचा दिवस आला की नीटनेटकी वेणी घालायची, चांगलं लुगडं नेसायची.

सगळ्या खपल्या पडल्या आणि आम्ही रंग भरण्याची वाट बघत राहिलो. गुलाबी रंग ओसरला. त्याच्या जागी माझ्या बाकीच्या कातडीचा गव्हाळ रंग यायला हवा होता. आला तो पांढरा. आधी जबड्यावर, मग एकेक करून सगळीकडे. गोल गोल ठिपके, एकमेकांना चिकटलेले, मधे मधे कॉफीच्या रंगाच्या रेघा राहिलेल्या. उन्हात गेलं की भोवतालचा चेहरा रापायचा आणि ठिपके आणखी उठून दिसायचे.

बाबा मला घेऊन ठाण्याला गेले. डॉक्टरांनी पुन्हा भिंग घेतलं. पाहून झाल्यावर ते हळूच टेबलावर ठेवलं.

"भरेल ना?" बाबांनी विचारलं.

"आणखी काही महिने बघू."

"डॉक्टर, मला खरं सांगा."

डॉक्टर खिडकीशी गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हे जिथं शिकलो तिथली माणसं गोरी होती. तिथंही वण पांढराच पडतो. पण गोऱ्या गालावर तो दिसत नाही." मग वळून मला म्हणाले, "बाई, मला हे कळायला हवं होतं."

बाबांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसून राहिले. मीच त्यांना म्हटलं, "बाबा, चला."

डाग होता तोवर लोक माझी कीव करत होते. आता भिऊ लागले. जन्मखूण माझ्या एकटीची होती, कोड घराचं असतं. विहिरीवर बायका मला बघून कळशी उचलायच्या. "मोठीला कोड फुटलंय," ही बातमी आधी आमच्या आळीत फिरली, मग कल्याणला पोचली. मामा निरोप घेऊन आले, या वेळी बसलेसुद्धा नाहीत. मंडळी म्हणत होती की पत्रिकेचं पुन्हा बघावं लागेल.

बाबा म्हणाले, "कोड नाहीये ते! बर्फाचा वण आहे. मी डॉक्टरांनाच घेऊन जातो." आणि खरोखरच ते ठाण्याला जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर आले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. दुसरा कुणी आला नसता. आम्ही तिघं कल्याणला त्या वकिलांच्या घरी गेलो. बाबांचा आग्रह होता की मीही यावं, म्हणजे सगळं समोरासमोर होईल.

माडीवर बैठक होती. डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. वायू, बर्फ, कातडीतला रंग, तो का मरतो. "हा रोग नाही. पसरणार नाही. घराण्याशी याचा संबंध नाही. चूक असलीच तर माझी आहे," ते म्हणाले. वकीलसाहेब मान हलवत ऐकत होते. त्यांच्या पत्नीनंही पदर सावरत सगळं ऐकलं. बाबांच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं.

मग चहा आला. सगळ्यांना चिनीमातीचे कप, मला पितळेचा पेला. मी चहा प्याले. मुलाच्या आईनं आतल्या बाईला हाक मारून हळूच सांगितलं, "तो पेला उचलू नकोस हो. त्यांनाच विसळून पालथा घालू दे, मोरीपाशी." ती हे अगदी सौम्यपणे म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून. मी मोरीपाशी गेले, पेला विसळला, पालथा घातला. परत आले तर बाबा उभे राहिले होते आणि डॉक्टर आपल्या हातातल्या टोपीकडे बघत होते.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. डोंबिवलीला आम्ही उतरलो तेव्हा डॉक्टरांनी गाडीतूनच बाबांना हात जोडले. त्यानंतर आम्ही त्यांना पाहिलं नाही. त्यांनी ते नळकांडं परत पाठवून दिलं, असं पुढे कचेरीतल्या त्या सहकाऱ्यानं सांगितलं.

मग आईची पाळी आली. इतके दिवस ती गप्प होती. आता तिनं बावचीचं बी आणलं, ते वाटून लेप करायची, गालाला लावायची आणि मला अंगणात भर उन्हात बसवायची. थंडीनं गेलेला रंग उन्हानं परत येईल अशी तिची समजूत. त्या ठिपक्यांवर पुन्हा फोड आले, पुन्हा खपल्या धरल्या. मी सांगायची, "आई, आग होते." ती म्हणायची, "त्या बाहेरच्या माणसापुढं सोसलंस, आईसाठी नाही सोसवत?" तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी बसून राहायची. बाबा कचेरीतून आले की अंगणातून न येता मागच्या दारानं घरात शिरायचे.

धाकटी माझ्याशी कमी बोलू लागली. भांडली असती तर मीही भांडले असते. एकदा ती उन्हात माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ माझ्या गालाकडे बघून म्हणाली, "ताई, तुझा तो डागच बरा होता गं." त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही.

दीड-दोन वर्षांनी तिला नगरकडचं एक स्थळ आलं. बिजवर, वयानं बराच मोठा, पहिलीची दोन मुलं. एरवी बाबांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं. आता आई म्हणाली, "हेही जाईल, मग दोघी बसा." धाकटी हो म्हणाली. तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लग्न ठरलं आणि एका सकाळी बाबा माझ्याजवळ आले. मी तांदूळ निवडत होते. ते समोर बसले आणि सुपातले खडे तेही वेचू लागले.

"तू थोडे दिवस कळव्याला जा. मावशीकडे," ते म्हणाले.

"लग्न होईपर्यंत?"

"हो."

मी म्हटलं, "बाबा, मी पुढे येणार नाही. माजघरातच बसेन. पदर घेऊन."

त्यांनी सूप बाजूला केलं. "त्यांना मी सांगितलंय," ते म्हणाले, आणि थांबले. "त्यांना मी सांगितलंय की आम्हाला एकच मुलगी आहे."

ज्या माणसानं आयुष्यभर घड्याळाच्या चक्राबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, त्यानं हे कसं उच्चारलं असेल, याचाच मी विचार करत होते. ते म्हणाले, "मी खरं सांगून पाहिलं होतं. तू होतीस ना बरोबर."

मी दुसऱ्या दिवशी कळव्याला गेले. मावशी विधवा, एकटी. खाडीच्या अंगाला तिची लहानशी जागा होती. थोडे दिवस म्हणून गेले खरी, पण धाकटी दिवाळसणाला नवऱ्याबरोबर आली, तेव्हा मी घरी कशी असणार? मग मंगळागौर, मग बाळंतपण. माझं परत जाणं लांबत गेलं आणि एका वर्षी आईनं माझी ट्रंकच पाठवून दिली. मावशीकडे मी शिवणकाम शिकले. आजूबाजूच्या आगरी बायका चोळ्या शिवायला टाकायच्या. त्यांच्यातली एक म्हातारी, जन्मभर मिठागरात राबलेली, पहिल्याच दिवशी माझा गाल आपल्या खरखरीत हातानं चाचपून म्हणाली होती, "काय गो पोरी, दुकतं काय?" मी नाही म्हटलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मावशीला दिसू नये म्हणून मी मशीनवर वाकले.

बाबा रविवारी यायचे. येताना केळी आणायचे, नाही तर पेरू. उजेडाकडे तोंड करून बसवायचे आणि माझा गाल निरखायचे. "कडेनं जरासा भरल्यासारखा वाटतोय," म्हणायचे. मावशी आतून हुंकार द्यायची. मी म्हणायची, "हो, मलाही वाटतं." एकदा ते म्हणाले, "आता नवीन काही औषध निघालंय म्हणतात." मी इतकी घाबरले की हातातली कात्री खाली पडली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

ते गेले ते कचेरीतच, काम करता करता. शेजारचा माणूस कळव्याला सांगायला आला. मी आणि मावशी पोचलो तेव्हा त्यांना नेलेलं होतं. कोण थांबणार होतं माझ्यासाठी? सांगायला त्यांना एकच मुलगी, आणि ती नगरहून संध्याकाळपर्यंत पोचणार नव्हती.

तेराव्याला धाकटीचे यजमान आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावर विरळ केस, बोलणं आदबशीर, वाईट माणूस मुळीच नव्हे. पंगत उठल्यावर ते हात धुवायला मागे आले. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली आणि विचारलं, "आपण यांच्या कोण?"

मी तांब्या धरून उभी होते. उत्तर काय द्यायचं ते मला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. दारातून धाकटी म्हणाली, "मावसबहीण. कळव्याची." तिच्या कडेवर मूल होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"असं होय," ते म्हणाले. "फार माया दिसते आपली. सकाळपासून राबताय."

मी म्हटलं, "हो. त्यांनी मलाही पुष्कळ शिकवलं."

धाकटीनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. निघताना मी तिच्या खोलीशी थोडी थांबले. ती मुलाला थोपटत होती. मी आहे हे तिला कळलं असावं, कारण तिचा थोपटणारा हात थबकला. मग पुन्हा चालू झाला.

मी आणि मावशी कळव्याला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशीनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि विचारलं, "तू जेवलीस का गं तिथं?"

मला आठवेना.